सेकंड इनिंग, सिंगापूर

मुखेडला माणूस रिटायर झाला की त्याला दोनच प्रश्न विचारले जातात. फंडाचे पैसे मिळाले का? आणि पुण्याला पोरांकडं कधी निघालात? तिसरा प्रश्न नाही. तिसरं काही असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. फार तर पंढरपूर, ट्रॅव्हल्स कंपनीची काशी-रामेश्वर ट्रिप, संध्याकाळी देवळाकडं एक चक्कर. लेक अमेरिकेत असेल तर सहा महिने बाळंतपणाला जायचं आणि परत आल्यावर सांगायचं, ‘तिथं सगळं चांगलंय हो, पण बोलायला माणूस नाही.’

माझे बाबा गेल्या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले. आईची अजून दोन वर्षं राहिलीत. मी पुण्यात. त्यामुळं त्यांना विचारले जाणारे दोन्ही प्रश्न मला पाठ आहेत.

आता जरा इमॅजिन करा. रविवारी दुपारी तुमच्या आई-बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. आई म्हणते, आम्ही घर बंद करून परदेशात राहायला चाललोय. तुझ्याकडं नाही, धर्माच्या कामाला. पगार नाही, परतीचं तिकीट नाही. तुम्ही काय म्हणाल? मी तरी आधी बाबांचं बीपी चेक करा म्हटलं असतं.

पण जगात हे चालतं. अमेरिकेतला मॉर्मन चर्च रिटायर झालेल्या जोडप्यांना सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत देशोदेशी पाठवतो आणि जाणारे स्वतःच्या खर्चानं जातात. आपल्याकडं पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारात ‘भक्तिफेरी’ आहे. नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःच्या पैशानं, स्वतःचा डबा घेऊन दुसऱ्या गावी जायचं, माणसांना भेटायचं, बोलायचं आणि परत यायचं. यजमानाच्या घरचं जेवायचंही नाही. आठवल्यांना १९९७ साली टेम्पलटन पुरस्कार मिळाला, त्यामागं अशा हजारो साध्या माणसांची पायपीट होती.

मात्र भक्तिफेरीवाला घरी परत येतो. मॉर्मन आजी-आजोबाही येतात. मला शोधायचं होतं ते न परतणारं जोडपं. ते सापडलं मुंबईत. म्हणजे सुरुवात मुंबईत. पुढचं सगळं सिंगापुरात.

डॉक्टर आणि बाई

शिरीन फोजदार. जन्म मुंबईचा, १९०५ सालचा. आई-वडील इराणी, झरथुष्ट्री धर्मातून बहाई झालेले. मुंबईच्या कॅथेड्रल गर्ल्सनंतर शिरीन शिकल्या पाचगणीला, सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये. (हो, तेच पाचगणी, जिथं आपण वीकएंडला स्ट्रॉबेरी-क्रीम खायला जातो.) मग एल्फिन्स्टन कॉलेज. वयाच्या सतराव्या वर्षी बहाईंच्या कराचीतल्या अधिवेशनात सर्वांसाठी शिक्षण या विषयावर बोलल्या. १९३४ मध्ये अखिल आशियाई महिला परिषदेनं जिनिव्हाच्या राष्ट्रसंघात बोलायला त्यांचं नाव पाठवलं. १९४१ मध्ये अहमदाबाद दंगलीत होरपळत होतं, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून त्या तिथं जाऊन शांततेची भाषणं करत होत्या. थोडक्यात, घरात मुलं आणि बाहेर माईक, असा संसार.

नवरा डॉ. खोदादाद मंचरजी फोजदार. हेही पारशी घरातून आलेले बहाई.

बहाई म्हटलं की आपल्याला दिल्लीचं लोटस टेम्पल आठवतं, १९८६ साली उघडलेलं. त्यापलीकडं गाडी जात नाही. एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये बहाउल्लांनी सुरू केलेला हा धर्म. त्यात पुरोहित नाहीत, म्हणजे पगारी धर्मप्रचारकही नाहीत. प्रसाराचं काम कुणी करायचं? ज्याला जमेल त्यानं. डॉक्टर, मास्तर, दुकानदार, कुणीही उठायचं, परक्या देशात घर करायचं, तिथंच पोटापाण्याचं बघायचं आणि माणसं जोडायची. अशा माणसाला ते पायनियर म्हणतात. मराठीत आपण ‘मिशनरी’ म्हणू. आमच्याकडं तो शब्द ऐकला की काही भुवया लगेच वर जातात, हे मला माहीत आहे.

१९५० मध्ये हे दोघं सिंगापूरला गेले. शिरीनबाई तेव्हा ४५ वर्षांच्या. आजच्या हिशेबानं हे काही म्हातारपण नव्हे, पण त्या काळात पंचेचाळिशीतल्या बाईला सून आणायचे वेध लागलेले असत. तिथल्या एका इंग्रजी पेपरनं त्यांच्या येण्याची बातमी छापली ती ‘संदेश घेऊन आलेली बाई’ अशा मथळ्यानं. पेपरवाल्याला काय कल्पना, की संदेशापेक्षा बाईच जास्त दिवस बातमीत राहणार आहेत!

पोचल्याला काही महिनेच झाले असतील. डिसेंबरमध्ये सिंगापूर पेटलं. मारिया हर्टोग नावाची डच मुलगी, युद्धाच्या काळात मुस्लिम कुटुंबात वाढलेली. वय १३, आणि तिचं लग्न लागलेलं. तिचा ताबा कुणाचा, लग्न खरं की खोटं, यावर कोर्टात केस चालली. ११ डिसेंबर १९५० ला दंगल उसळली. १८ माणसं गेली. धर्म, लग्न आणि एक अल्पवयीन मुलगी, या तिन्हींची गाठ किती ज्वालाग्राही असते हे नव्यानं आलेल्या या जोडप्यानं पहिल्याच वर्षी पाहिलं. दुसरं कुणी असतं तर त्यानंतर फक्त प्रार्थनासभा घेत बसलं असतं.

सहा विधवा

सिंगापूरमध्ये तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, पण लग्नाच्या बाबतीत ज्याची त्याची रीत चाले. चिनी पुरुषानं दुसरी, तिसरी बायको केली तरी कायदा आडवा येत नसे. १९०८ सालचा एक खटला तिथं प्रसिद्ध आहे. एक श्रीमंत चिनी व्यापारी वारला आणि सहा बायका आपण त्याची विधवा म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या. ‘सहा विधवांचा खटला’ असंच त्याचं नाव पडलं. कोर्टानं चिनी रिवाजातलं बहुपत्नीत्व मान्य केलं. मुस्लिम समाजात तलाक इतका सोपा होता, की १९५० च्या आसपास दर दोन लग्नांमागं एक घटस्फोट अशी नोंद होत होती.

शिरीनबाईंनी हे पाहिलं आणि बायकांच्या क्लबांकडं वळल्या. क्लब होते, चहापार्ट्या होत्या, चॅरिटी होती. बायकोच्या हक्कासाठी भांडणारी संघटना नव्हती. १९५२ मध्ये ‘सिंगापूर कौन्सिल ऑफ वुमेन’ उभी राहिली आणि बाई तिच्या सेक्रेटरी झाल्या. चिनी, मलय, भारतीय, युरोपियन, सगळ्या जातीधर्मांच्या बायका एका छताखाली. दोन हजारांवर सभासद. मागणी एका ओळीची: एका पुरुषाला एकच बायको.

इथं मी थांबले. कारण ही ओळ वाचताना मला सिंगापूर नाही, मुखेड तालुक्यातलं आमचं गाव दिसलं.

माझी आजी आजोबांची दुसरी बायको. आता नव्वदीत आहे. लग्न १९५२ चं, म्हणजे सिंगापुरात ती संघटना स्थापन झाली त्याच वर्षीचं. पहिलीला मूल होईना म्हणून धाकली आणली, एवढी साधी गोष्ट. तेव्हा मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला १९४६ सालच्या कायद्यानं बंदी होती. पण आम्ही मुंबई प्रांतात कुठं होतो? मुखेड हैदराबाद संस्थानातलं. निजामाचं राज्य १९४८ मध्ये गेलं, पण मुंबईचा कायदा काही बॉर्डर ओलांडून आला नाही. देशभरासाठी हिंदू विवाह कायदा झाला १९५५ मध्ये. आमच्या घराला तीन वर्षं उशीर झाला म्हणायचा.

मोठी आजी मी पाहिलेली नाही. बाबा सांगतात, धाकलीनं जन्म दिला आणि मोठीनं वाढवलं. मोठी ओसरीवर झोपायची, सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. कधी चढ्या आवाजात बोलली नाही म्हणे. हे सांगताना बाबांचा स्वर कौतुकाचा असतो. मला मात्र त्या न चढलेल्या आवाजाचंच काहीतरी होतं.

दिवाळीत गावी गेले तेव्हा मी आजीला फोजदारबाईंची गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

‘‘त्या बाईला सवत होती का गं?’’

‘‘नाही आजी.’’

‘‘मंग तिला कामून एवढा ताप?’’

लाखमोलाचा प्रश्न! कुणाच्या तरी परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या बायकांच्या सवतींशी मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईला काय घेणं? माझ्या मते याचं उत्तर धर्मात आहे, आणि म्हणूनच हा लेख. स्त्री-पुरुष समानता बहाईंच्या मूळ शिकवणीतच आहे. ती पोथीत ठेवायची की कायद्यात आणायची, एवढाच प्रश्न होता. शिरीनबाईंनी प्रवचनापेक्षा निवेदनं जास्त दिली. सरकारला, पुढाऱ्यांना, पेपरांना, सतत. सिंगापुरात बहाईंची स्थानिक सभा १९५२ पर्यंत उभी राहिली खरी, पण तो समाज आजही छोटाच आहे. धर्मांतराच्या हिशेबानं मोजलं तर मिशन मध्यम. बाईंनी मोजपट्टीच बदलली.

अर्थात सगळं काही एकट्या बाईंमुळं झालं, असं म्हणणं फिल्मी होईल. कायदे पुढाऱ्यांना मतं दिसली की होतात. १९५९ च्या निवडणुकीत सिंगापुरात मतदान सक्तीचं झालं आणि घरात बसलेल्या लाखो बायका अचानक ‘व्होट बँक’ झाल्या. ली क्वान यू यांच्या पीपल्स ॲक्शन पार्टीनं एकपत्नीत्वाचं आश्वासन दिलं, ५१ पैकी ४३ जागा जिंकल्या आणि चान चोय सिओंगसारख्या पक्षातल्या बायकांनी ते आश्वासन विसरू दिलं नाही. पण मागणी आधीची सात वर्षं टेबलावर जिवंत ठेवली होती ती कौन्सिलनं. २४ मे १९६१ ला ‘विमेन्स चार्टर’ मंजूर झाला, १५ सप्टेंबरला लागू झाला. (आमचा मुक्तिदिन १७ सप्टेंबरचा. दोन दिवसांनी हुकला.) दुसरी बायको करणं गुन्हा ठरलं. लग्नाची नोंदणी आली. बायकोला स्वतःची मिळकत ठेवण्याचा, नोकरी करण्याचा, माहेरचं नाव लावण्याचा हक्क मिळाला.

मुस्लिमांना बहुपत्नीत्वाचं कलम लागू झालं नाही. त्यांच्यासाठी १९५७ च्या कायद्यानं शरीयत कोर्ट आलं, १९५८ मध्ये सुरू झालं आणि तलाकला पहिल्यांदा काही चौकट आली. त्यासाठीही बाई झगडल्या होत्या. मुस्लिम नसलेल्या, बाहेरून आलेल्या बाईनं या समाजाच्या घरात किती डोकवावं, यावर वाद घालता येईल. मीही दोन्ही बाजूंनी विचार केलाय. पण घटस्फोटानंतर रस्त्यावर आलेल्या बाईला हा वाद घालायला वेळ नव्हता, एवढं नक्की.

आणि डॉक्टर?

जोडप्याची गोष्ट सांगते म्हणून बाईंवरच घसरले, हे माझ्याही लक्षात आलंय. तसं होणारच. माईक बाईंच्या हातात होता. डॉक्टर फोजदारांचं नाव बहाईंच्या इतिहासात दुसऱ्याच कारणानं येतं. १९५३ मध्ये बहाईंनी दहा वर्षांची जागतिक मोहीम सुरू केली. जिथं एकही बहाई नाही अशा जागी पहिल्यांदा जाऊन राहणाऱ्याला ‘नाइट ऑफ बहाउल्ला’ हा मान. डॉक्टरांच्या वाट्याला आलं अंदमान. बाई तेव्हा सिंगापुरात कौन्सिलच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या. आपण आज ज्याला ‘लाँग डिस्टन्स मॅरेज’ म्हणून मिरवतो, ते या दोघांनी बिनतक्रार उरकलं, व्हिडिओ कॉल नसताना. १९५८ मध्ये डॉक्टर सिंगापुरातच वारले. ज्या कायद्यासाठी घर गजबजलेलं असायचं, तो व्हायला अजून तीन वर्षं होती.

कायदा झाला तेव्हा शिरीनबाई ५६ वर्षांच्या होत्या. विधवा, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, हातात यश. मुंबईला परतायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. त्या थायलंडला गेल्या. तेही बँकॉकला नाही, ईशान्येकडच्या यासोथोनला. भातशेतीचा गरीब मुलूख, जिथल्या मुली शहरात जाऊन देहविक्रीच्या धंद्यात ओढल्या जात. तिथं मुलींसाठी शाळा काढली आणि १४ वर्षं राहिल्या. म्हणजे आपल्याकडं फंडाचे पैसे कधी मिळतात याची चौकशी सुरू होते त्या वयात बाईंनी नवा देश धरला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘शाळेचं बरंय. पण भाषेचं कसं काय केलं असेल?’’ आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘तुम्ही आधी किनवटला जाऊन दाखवा!’’ किनवट आमच्याच जिल्ह्यात आहे.

१९७५ मध्ये, सत्तराव्या वर्षी, शिरीनबाई सिंगापूरला परतल्या. भाषणं चालूच होती. २ फेब्रुवारी १९९२ ला तिथंच गेल्या. २०१४ मध्ये सिंगापूरनं आपल्या कर्तबगार बायकांचं ‘हॉल ऑफ फेम’ उघडलं, त्यात पहिल्याच फळीत त्यांचं नाव आहे. डॉक्टरांचं नाही. ती यादी बायकांची आहे.