खांदेरी: वल्ह्यांनी राखलेला जलदुर्ग

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समोर दोन बेटं दिसतात. अलीकडची ठेंगणी उंदेरी आणि पलीकडची, दोन टेकड्यांची खांदेरी. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या या खांदेरीवर ठाणं बसलं, तर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवरही वचक राहील, हे शिवाजी महाराजांनी हेरलं होतं. 1672चा पहिला प्रयत्न तडीस गेला नाही. 1679च्या ऑगस्टअखेरीस मात्र, दर्या पुरता निवला नसतानाच, महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी सुमारे 150 माणसांनिशी बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं.

इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. बळजबरीने उतरू पाहणारी त्यांची तुकडी मार खाऊन परतली. 18 ऑक्टोबरला नागावच्या खाडीतून मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याचं आरमार बाहेर पडलं. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, मराठ्यांच्या हाती लागली. पण इंग्रज सेनानी केग्विनच्या ‘रिव्हेंज’ जहाजाने तोफांचा असा भडिमार केला, की मराठ्यांना पुन्हा खाडी गाठावी लागली.

समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत इंग्रजांचं पारडं जड होतं, हे मान्यच करायला हवं. तरीही खांदेरी त्यांना मिळाली नाही. त्यांची मोठी जहाजं शिडावर चालत. वारा पडला की जागच्या जागी खोळंबत, आणि किनाऱ्यालगतच्या उथळ, खडकाळ पाण्यात शिरायची त्यांना धास्ती वाटे. मराठ्यांच्या होड्या मात्र हलक्या, तळाने उथळ आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या पहाऱ्यातून निसटून बेटाला लागत, माणसं आणि रसद उतरवत आणि माघारी फिरत. असं रात्रीमागून रात्र चाललं आणि तट चढत गेला. जानेवारी 1680मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तिथे मोर्चे बांधले, पण खांदेरी हलली नाही. त्याच महिन्यात इंग्रजांनी तडजोड करून वेढा उठवला.

पुढे मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळात, 1718मध्ये, इंग्रजांनी या बेटावर पुन्हा चाल केली. तीही फसली.

आज तटाच्या आत चाकांच्या गाड्यांवरच्या जुन्या तोफा आहेत, कोळ्यांचा वेताळ आहे आणि टेकडीवर 1867चं दीपगृह. 2025मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत खांदेरीचाही समावेश झाला. गौरव योग्यच आहे. पण तो केवळ दगडी तटाचा मानला, तर खांदेरी आपल्याला कळलीच नाही. भरती-ओहोटीचं गणित आणि पाण्याखालचा खडक न खडक ठाऊक असलेल्या दर्यावर्दींनी ती राखली. मायनाक आणि दौलतखान ही नावं कागदपत्रांत उरली, वल्ही मारणाऱ्यांची उरली नाहीत. मराठा आरमाराचा इतिहास सांगताना पहिला मान त्यांनाच द्यायला हवा.