प्रोग्रामला कसं कळतं, आपण कुठल्या यंत्रावर चालतोय?

मागच्या वेळी आपण कंपायलर काय करतो ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चालू असलेल्या प्रोग्रामला, आपण ज्या कॉम्प्युटरवर चालतोय त्याची रचना, म्हणजे आर्किटेक्चर, आतून कसं ओळखता येतं? पडद्यावर जो कोड दाखवू, त्यातली नावं लेखी प्रतीत उच्चाराप्रमाणे येतील.

आधी याची गरज कुठे पडते ते पाहू. सेतू केंद्रात अंगठा घ्यायचं यंत्र असतं. पीएम-किसानचं ई-केवायसी करायला शेतकरी येतो, अंगठा ठेवतो. त्या यंत्राला ड्रायव्हर लागतो, आणि ६४-बिट विंडोजला ६४-बिटचाच ड्रायव्हर चालतो, ३२-बिटचा ती घेतच नाही. ड्रायव्हर बसवणारा इन्स्टॉलर मात्र बरेचदा ३२-बिटचा असतो, कारण तो जुन्या-नव्या दोन्ही विंडोजवर उघडतो. आता या इन्स्टॉलरने "हे यंत्र कुठलं?" असं विचारलं आणि चुकीचं उत्तर घेतलं, तर तो चुकीचा ड्रायव्हर पुढे करणार. मग यंत्र चांगलं, कॉम्प्युटर चांगला, इंटरनेटही चालू, तरी अंगठा काही लागत नाही. दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस परत जातो. दोष असतो एका ओळीत.

ही ओळ का चुकते? कारण प्रश्न एक दिसतो, पण असतात तीन. आपल्या गावाचंच बघा. सातबाऱ्यावर तालुका लिहितो केळापूर. तहसील कचेरी आहे पांढरकवड्याला. एसटीच्या पाटीवर पांढरकवडा. आणि केळापूर नावाचं गाव वेगळंच, जगदंबेचं देऊळ आहे ते. "तुम्ही कुठले?" याचं उत्तर कोण विचारतंय आणि कशासाठी, यावर ठरतं. यातलं एकही उत्तर खोटं नाही, पण फॉर्मवर पाटीचं नाव लिहिलं तर फॉर्म परत येतो.

प्रोग्रामचे तीन प्रश्न असे. पहिला, मी स्वतः कशासाठी बांधलेला आहे? दुसरा, माझ्याखालची ऑपरेटिंग सिस्टिम कशाची आहे? तिसरा, खाली खरा प्रोसेसर कुठला आहे?

पहिल्याचं उत्तर सगळ्यात सोपं. सी भाषेत पॉइंटरची लांबी मोजायची. ४ बाइट आली तर प्रोग्राम ३२-बिटचा, ८ आली तर ६४-बिटचा. नेहमीच्या यंत्रांवर एवढं पुरतं. काही जण पॉइंटरऐवजी 'लाँग' मोजतात, तिथे फसायला होतं. ६४-बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा असतो, पण ६४-बिट विंडोजवर तो ४ चाच राहतो. शिवाय कंपायलर बांधतानाच खुणा ठेवतो, की हा कोड इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी आहे की आर्मसाठी. पण लक्षात घ्या, ही उत्तरं प्रोग्रामच्या जन्माच्या वेळची आहेत. आज तो कुठल्या यंत्रावर चालतोय, हे त्यातून कळत नाही.

आता दुसरा प्रश्न. विंडोजमध्ये 'प्रोसेसर आर्किटेक्चर' नावाचं एक व्हेरिएबल असतं. ६४-बिट इंटेल कॉम्प्युटरवर ३२-बिटच्या प्रोग्रामने ते वाचलं, तर उत्तर येतं एक्स८६, म्हणजे ३२-बिट. विंडोज इथे मुद्दाम असं सांगते. ३२-बिटच्या प्रोग्रामभोवती ती एक वेगळी खोली उभी करते, वॉव६४ तिचं नाव. आतल्या पाहुण्याला घरातल्यासारखं वाटावं म्हणून त्याला ३२-बिटचं जग दाखवते. त्याने 'सिस्टिम३२' फोल्डर मागितलं, तर गुपचूप 'सिसवॉव६४' उघडून देते. नावं मात्र उलटी आहेत! सिस्टिम३२ मध्ये ६४-बिटच्या फाइली, आणि सिसवॉव६४ मध्ये ३२-बिटच्या. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून जुनं नाव तसंच ठेवलं.

त्या इन्स्टॉलरने करायचं ते असं. 'इज-वॉव-६४-प्रोसेस-२' हे फंक्शन वापरायचं. ते दोन उत्तरं वेगवेगळी देतं: तुझी प्रोसेस कशाची, आणि खालचं यंत्र कशाचं. ड्रायव्हर दुसऱ्या उत्तरावरून निवडायचा. आणि यंत्र इंटेलचं असताना उत्तरात एएमडी६४ दिसलं तर दचकू नका. ही ६४-बिटची पद्धत आधी एएमडीने आखली, इंटेलने ती नंतर घेतली. नाव पहिल्याचं राहिलं.

लिनक्सवर 'यूनेम' ही कमांड कर्नलला विचारते. तिथे उलटा घोळ होतो. रास्पबेरी पायवर ६४-बिटचा कर्नल आणि वर सगळे प्रोग्राम ३२-बिटचे, अशी जोडणी असू शकते. यूनेम ६४ म्हणेल, तुम्ही ६४-बिटचं सॉफ्टवेअर उतरवाल, आणि ते सुरूच होणार नाही. मॅकवर २०२० मध्ये ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर आले. तिथे इंटेलसाठी बांधलेला प्रोग्राम रोझेटा २ या दुभाष्यामार्फत चालतो, आणि यंत्राचं नाव विचारलं तर त्याला इंटेल पद्धतीचंच नाव ऐकू येतं. आपल्याला दुभाषा लावलाय का, हे वेगळं विचारावं लागतं.

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरला थेट विचारायची एक सूचना आहे, सीपीयू-आयडी. ती बनवणाऱ्याचं नाव १२ अक्षरांत देते, आणि प्रोसेसरला काय काय येतं याची यादीही देते. एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणारी एव्हीएक्स-२ ची सोय आहे का, हे त्यातून कळतं. सोय नसताना ती सूचना चालवली, तर प्रोग्राम जागीच बंद पडतो. म्हणून गणिताला वेग हवा असेल, तर प्रोसेसरचं नाव विचारत बसू नका, "तुला हे येतं का?" असं विचारा. आर्मवर सीपीयू-आयडी नाही, तिथे लिनक्समध्ये हीच यादी कर्नलकडून मिळते.

आता बाइटचा क्रम. हा भाग आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही सापडतो. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, आधी पाच, मग वीस. लिहिताना मात्र २५, आधी दोन. प्रोसेसरांतही असेच दोन पंथ आहेत. मोठ्या आकड्याचा लहान टोकाचा बाइट आधी ठेवणारे लिटल एंडियन, मोठ्या टोकाचा आधी ठेवणारे बिग एंडियन. ही नावं डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंडं फोडण्याच्या भांडणावरून घेतली.

पुण्याच्या सी-डॅकचा परम महासंगणक आठवा. त्याचे शिल्पकार विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले. १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरवर होता, तो लिटल एंडियन. १९९८ चा परम १०००० स्पार्कवर, तो बिग एंडियन. परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर, तोही बिग. २००८ चा परम युवा इंटेलवर, म्हणजे पुन्हा लिटल. नाव एकच, पण आतली रचना दर पिढीला वेगळी. स्पार्कवर जशीच्या तशी उतरवलेली आकड्यांची फाइल इंटेलवर वाचली, तर ४ बाइटचा १ हा आकडा १,६७,७७,२१६ होऊन समोर येतो. कुठलीही चूक दाखवली जात नाही, नुसता आकडा चुकतो. हवामानाच्या गणितात असा आकडा शिरला तर काय होईल, विचार करा.

यंत्राचा क्रम ओळखायला १ हा आकडा ठेवून त्याचा पहिला बाइट वाचायचा. १ आला तर लिटल, ० आला तर बिग. पण त्याहून बरा मार्ग म्हणजे फाइलचा क्रम आपणच ठरवून टाकायचा, आणि तिथे बाइट त्याच क्रमाने लिहायचे-वाचायचे. इंटरनेटच्या मूळ नियमांनी हेच केलं: बिग एंडियन ठरवलं, मग यंत्र कुठलंही असो.

समोरून प्रश्न आलाय: "आम्ही पायथॉन लिहितो, आम्हाला याची काय गरज?" रोजच्या कामात फारशी नाही. पण एखादं पॅकेज बसेनासं झालं, की पहिल्यांदा हेच तपासा. 'प्लॅटफॉर्म डॉट मशीन' यंत्राबद्दल सांगतं, 'सिस डॉट मॅक्ससाइझ' तुमच्या पायथॉनबद्दल. ६४-बिट यंत्रावर ३२-बिटचं पायथॉन बसलेलं सर्रास सापडतं, आणि पॅकेज निवडताना पायथॉनचं उत्तर धरायचं, यंत्राचं नाही.

घरी गेल्यावर दोन्ही छापून बघा. पुढच्या वेळी येताना उत्तरं घेऊन या, जिथे दोन उत्तरं जुळणार नाहीत तिथून पुढचं व्याख्यान सुरू करू.