क्रीडाघात, शस्त्रकर्म आणि बालरुग्णाशी संवाद

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस सुरू झाले की धानोरा परिसरात कबड्डी, खो-खो वा धावताना दुखावलेली मुले बहुधा प्रथम वैद्याकडे किंवा औषधी दुकानात आणली जातात. त्यांपैकी काहींना क्ष-किरण तपासणी व शस्त्रकर्मासाठी नंदुरबारला पाठवावे लागते. अशा वेळी आपण पालकांशी बोलतो. मूल शेजारी बसून ऐकते आणि आपल्या मनाने अर्थ लावते. कित्येकांना दुखापत ही आज्ञा मोडल्याची शिक्षा वाटते. मुलास समजावणे हा चिकित्सेचाच भाग आहे, कारण पुढील धोक्याची पहिली वार्ता देणारे तेच असते.

प्रथम शब्दांचा विचार. शारीरस्थानातील ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध; शाळेच्या पुस्तकातील ‘स्नायू’ म्हणजे मांस. आपण ‘स्नायू तुटला’ म्हटले की मूल दंडाकडे पाहते! त्यापेक्षा ‘दोन हाडांना बांधणारी दोरी’ म्हणावे. घरी भिली वा अहिराणी बोलणाऱ्या मुलास त्याच्याच बोलीत सांगता आल्यास उत्तम.

सुश्रुताचार्यांनी भग्ननिदानात तरुणास्थी वाकतात व नलकास्थी मोडतात असा भेद केला आहे. बालकाच्या नलकास्थीच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते व ती अनेकदा सांध्याच्या बंधांपेक्षा दुर्बल ठरते. म्हणून मोठ्या माणसात जी मुरगळ असते, ती मुलात कूर्चेची इजा असू शकते. सूज व हाडावर नेमकी वेदना असल्यास क्ष-किरण तपासणीपूर्वी मर्दन करू नये. मुलास एवढेच सांगावे, “बाळा, तुझे हाड अजून वाढते आहे. ते नीट वाढावे म्हणून आधी फोटो काढू, मग तेल.”

बंधनाविषयी विशेष सावधगिरी हवी. शिथिल बंधाने संधी स्थिर होत नाही, अतिगाढ बंधाने शोथ, वेदना व पाक होतो, हे संहितेत स्पष्ट आहे. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्याने रक्तप्रवाह थांबून हात कायमचा आखडू शकतो. वेदना वाढत जाणे, बोटे गार वा बधिर पडणे, ती हलक्याने सरळ केली तरी असह्य दुखणे ही लक्षणे मुलाने रात्रीही सांगितली पाहिजेत. ‘रडू नकोस, शूर आहेस ना?’ हे वाक्य येथे घातक ठरते, कारण शूर मूल गप्प राहते. क्रेप बँडेज विकणाऱ्या दुकानदारांनीही हीच सूचना मुलाला द्यावी.

शस्त्रकर्म ठरल्यास ‘काही करणार नाहीत’ असे खोटे सांगू नये. भूल देतात, त्या वेळी दुखत नाही, भूलतज्ज्ञ सतत जवळ असतात, जागे झाल्यावर दुखेल व त्यासाठी औषध मिळेल, असा क्रम सांगावा. उपाशी राहण्याचे कारणही सांगावे. भूल असताना पोटातील अन्न फुप्फुसात जाऊ शकते. शस्त्रकर्माची शक्यता दिसत असल्यास आपणही दूध वा काढा देऊ नये, आणि चालू असलेली गुग्गुळकल्पादी औषधे चिठ्ठीत लिहून कळवावीत. प्लॅस्टर कापणाऱ्या यंत्राची मुलांना फार भीती असते. त्याचे पाते गरगर फिरत नाही, थरथरते, हे आधी सांगितल्यास ती बरीच कमी होते.

सर्वांत अवघड प्रश्न: “मी पुन्हा केव्हा खेळू?” सुश्रुताने बाल्यात संधी स्थिर होण्यास एक महिना, मध्यम वयात दोन व वार्धक्यात तीन महिने सांगितले आहेत. परंतु हाड जुळणे निराळे आणि मैदानास योग्य होणे निराळे. येथे अविनाश साबळे यांचे उदाहरण मुलांना पटते. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा हा धावपटू, २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक मिळविलेला. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडून त्यांच्या गुडघ्याचा बंध फाटला, मुंबईत शस्त्रकर्म झाले आणि सप्टेंबरची टोकियो जागतिक स्पर्धा त्यांना सोडावी लागली. अशा बंधाच्या पुनर्रचनेनंतर खेळात परतण्यास सामान्यतः नऊ महिने वा अधिक लागतात. एवढा मोठा खेळाडूही थांबतो, हे कळल्यावर मूल व्यायामाचे दिवस मोजू लागते. मात्र निश्चित तारीख देऊ नये. सूज नसणे, दोन्ही पायांचे बल सारखे होणे व न दुखता उडी मारता येणे या खुणा त्यास सांगाव्यात, आणि त्याच क्रीडाशिक्षकांनाही लिहून द्याव्यात.