एक शतांश सेकंद

ऑगस्ट 2018, जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धा. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 50 मीटर फ्रीस्टाइलची प्राथमिक फेरी 22.43 सेकंदांत पोहून राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत त्याला 22.47 सेकंद लागले आणि कांस्यपदक 22.46 वर गेलं. सकाळचीच वेळ पुन्हा साधली असती, तर पदक त्याचं होतं. एवढ्यावरून ‘दडपणाखाली कच खाल्ली’ म्हणणं अन्यायाचं आहे. उडी किंवा शेवटचा स्पर्श जरा चुकला तरी तेवढा फरक पडतो. पण म्हणूनच जलतरणात मनाच्या तयारीला सरावाइतकंच स्थान हवं, असं मला वाटतं. धास्तावलेल्या माणसाचे खांदे ताठरतात, हात आखडतो, श्वास उथळ होतो. मैदानी खेळात हे पुढच्या चेंडूपर्यंत सावरता येतं. 50 मीटरमध्ये सावरायला वेळच नसतो, त्यामुळे सावरणं आधीच अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

यावर जुने प्रशिक्षक म्हणतील, ‘हे मनाचे चोचले झाले, पोरं पहाटे पाच वाजता पाण्यात उतरली की मन आपोआप घट्ट होतं.’ मेहनतीला पर्याय नाही, हे खरंच. पण 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लाय पोहताना मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, दिसेनासं झालं, तेव्हा तो किती हात मारले ते मोजत भिंतीपर्यंत पोहोचला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा विश्वविक्रम करून गेला. झोपण्यापूर्वी अख्खी शर्यत, त्यातल्या संभाव्य अडचणींसकट, डोळ्यांपुढे आणण्याची सवय प्रशिक्षक बॉब बोमन यांनी त्याला लहानपणापासून लावली होती. हीसुद्धा मेहनतच, फक्त कोरड्या अंगाने केलेली.

आपल्याकडे मात्र मनाचा विचार सुरू होतो तो मूल हरल्यावर, समजूत घालण्यापुरता. त्यातून आपली भाषाही अशी, की हरलं की ‘पानिपत झालं’. पण ज्या पानिपतावरून हा शब्दप्रयोग आला, तिथे काला अंबच्या स्मारकापाशी दर 14 जानेवारीला मराठी माणसं जमतात ती हरलेल्यांना मान द्यायला. तलावाच्या कट्ट्यावर घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या आईबाबांनी बारा वर्षांच्या मुलाला ‘कितवा आलास?’ याआधी ‘उडी कशी बसली?’ एवढं विचारलं, तरी त्याचं लक्ष त्याच्या हातात असलेल्या गोष्टीवर राहील.