पाताळातली राजकन्या आणि ठाण्याचा दरबार

बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची गोदामं सुरू होतात. त्यांच्या पलीकडे लोनाड-चौधरपाड्याच्या परिसरात शिलाहार राजांचे शिलालेख सापडले आहेत. उत्तर कोकणात त्यांच्या काळातले ‘गद्धेगळ’, म्हणजे दानाचे कोरीव दगड, अनेक आहेत. अशा दगडावर सगळ्यात वर सूर्य आणि चंद्र असतात. मधे दानाचा मजकूर, आणि सगळ्यात खाली गाढव व बाई यांचं आज पाहवणार नाही असं चित्र. दान किती काळ टिकावं ते वरचा भाग सांगतो, तर जो ते मोडेल त्याला खालचा भाग शिवी घालतो. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे दोन्ही कळायचं. आकाश, माणसांचा व्यवहार आणि अधोगती असे तीन थर एकाच दगडावर उभे केलेले.

मध्ययुगीन माणसाचं जग असंच थराथरांचं होतं: वर देव आणि विद्याधर, मधे माणसं, खाली नाग. या थरांमध्ये ये-जा होत असे आणि प्रत्येकाचं स्थान ठरलेलं असे. युरोपातही असाच एक नकाशा होता. दान्तेचं महाकाव्य नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग अशा तीन टप्प्यांवरच उभं आहे.

शिलाहारांचं ‘स्थानक’

शिलाहारांची सत्ता ठाण्यातून, म्हणजे तेव्हाच्या ‘स्थानका’तून चाले. अरिकेसरी राजाचा 1017 सालचा ताम्रपट ठाण्यातच सापडला. तो एका जमीनदानाचा आहे, पण शिलाहारांचे असे ताम्रपट जमिनीच्या सीमांवर येण्याआधी आकाशातून सुरू होतात. या राजांचा मूळपुरुष कोण, तर जीमूतवाहन हा विद्याधर. शंखचूड नागाला वाचवण्यासाठी त्याने गरुडापुढे स्वतःचा देह ठेवला. शिलाहारांच्या ध्वजावरही सोन्याचा गरुड होता. वंशावळ इतक्या उंचावर नेली की जमीन दान करण्याच्या हक्काबद्दल कोणी शंका घेत नसे.

याच दरबारात सोड्ढल नावाचा कवी आला. मूळचा तो गुजरातेतल्या लाट देशाचा. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या शिलाहार भावांचा आश्रय त्याला मिळाला आणि अकराव्या शतकात त्याने ‘उदयसुंदरीकथा’ लिहिली. गद्यात मधूनमधून पद्य असं हे संस्कृत चंपूकाव्य आहे आणि त्यावर बाणभट्टाची छाप स्पष्ट दिसते. नायक प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, राजा मलयवाहन आणि नायिका नागराजाची मुलगी उदयसुंदरी. आजचा वाचक याला अद्भुतकथा म्हणेल, पण तेव्हाच्या श्रोत्याला नागकन्या ही दुसऱ्या राज्यातल्या राजकन्येइतकीच शक्य कोटीतली होती. पैठणच्या राजाने पाताळाशी सोयरीक केली की त्याचा अधिकार पृथ्वीपुरता उरत नाही. दरबारी साहित्यात जगाचा नकाशा राजाला मधोमध बसवण्यासाठी वापरला जाई.

याच मुम्मुणीच्या काळचं अंबरनाथचं शिवमंदिर आहे. तिथल्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा उल्लेख आहे. बाहेरच्या भिंतीवर देवदेवता दाटीवाटीने कोरलेल्या, पण पिंडीकडे जायचं तर मंडपातून पायऱ्या उतराव्या लागतात, कारण गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. सोड्ढलाने शब्दांत रचलेलं वर-खालीचं जग इथे पायांनी अनुभवता येतं.

नकाशा तोच, मालक वेगळा

पुढे दोन-अडीचशे वर्षांनी, 1290 साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्ञानेश्वरांचं घराणं पैठणजवळच्या आपेगावचं. त्यांनी जुना नकाशा फाडला नाही; स्वर्ग, नरक, चौदा भुवनं, देव, गंधर्व सगळं त्यांच्याकडेही आहे. पण सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन येतं तेव्हा वेटोळं घालून झोपलेली नागीण आपल्याला देहात भेटते. ती जागी होते आणि वरवर चढत जाते. मेरू पर्वत योग्यांनी पाठीच्या कण्यात पाहिला होताच. सोड्ढलाची नागकन्या राजाला मिळाली. ही नागीण मात्र ज्याला देह आहे अशा कुणाच्याही आत आहे. भाषाही संस्कृत नव्हे, मराठी.

मध्ययुगीन विश्वदृष्टीचा मराठी साहित्यावर झालेला मोठा परिणाम मला इथे दिसतो. राजवंशांचा नकाशा संतांनी माणसाच्या देहात हलवला. म्हणून जीमूतवाहनापर्यंत जाणारी वंशावळ नसलेल्यांना लिहिता आलं. नामदेव शिंपी होते, तर जनाबाई त्यांच्या घरी राबणाऱ्या. चोखामेळा मंगळवेढ्याचे महार. यांच्या अभंगांना राजाची गरज पडली नाही.

गावगाड्यात मात्र वर-खालीचे थर तसेच राहिले. चोखोबांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता आणि त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. म्हणून त्या काळचं साहित्य वाचताना स्वर्ग-पाताळाच्या गोष्टी भाबड्या म्हणून बाजूला सारू नयेत. नकाशात मध्यभागी कोणाला बसवलं आहे आणि दाराबाहेर कोण ताटकळतं आहे, हे आधी पाहावं. सोड्ढल आणि चोखामेळा एकाच जगाबद्दल बोलतात, फक्त उभे असतात वेगवेगळ्या जागी.