मत्स्यसहल केव्हां काढावी?

वर्षांतून एकदां आप्तेष्टांसह नदीकांठीं जावें, दिवसभर गळ टाकून बसावें, जें हातीं लागेल तें तेथेंच तीन दगडांच्या चुलीवर शिजवावें आणि दिवेलागणीस घरीं परतावें, असा परिपाठ आपल्याकडील कित्येक कुटुंबांत आहे. ह्या करमणुकीस फारसा खर्च लागत नाहीं. तींत लहानथोर सारखेच रमतात, आणि एरव्हीं घटकाभर स्वस्थ न बसणारीं मुलें पाण्यावरील तरंग्याकडे एकाग्रतेनें पाहत बसतात. अशा सहलीच्या गुणांविषयीं पुष्कळ बोलतां येईल. आज मात्र एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे: ही सहल वर्षांतील कोणत्या दिवसांत काढावी? ‘सुटी मिळेल तेव्हां’ असें उत्तर चटकन सुचतें. परंतु माशालाही त्याचें स्वतःचें पंचांग असतें, आणि तें न पाहतां आपण मुहूर्त धरला तर ज्या आनंदासाठीं आपण जातों त्याचेंच मूळ आपल्या हातून तोडलें जातें.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें ठेवूं. जालना जिल्ह्यांतील अंबड तालुक्यांत धुळें-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री हें गांव आहे. तेथून थोड्याच अंतरावर शहागड येथें हा रस्ता गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यांत उतरतो. नदीच्या वरच्या अंगास पैठणजवळ जायकवाडीचें धरण आहे. त्याची पायाभरणी १९६५ सालीं झाली व १९७६ सालीं तें राष्ट्रास अर्पण करण्यांत आलें. त्याच्या विस्तीर्ण जलाशयास नाथसागर म्हणतात. धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड तालुक्यांतूनच पुढें परभणीकडे जातो. म्हणजे ह्या एका परिसरांत वाहती नदी, कोंडलेला जलाशय आणि माणसाच्या हुकमानें भरणारा व आटणारा कालवा अशीं तीन तऱ्हेचीं पाणीं आहेत. मासा तिन्हींत असतो, पण तिन्हींत त्याचें जीवन सारखें नसतें.

गळ टाकण्याची हौस आपण साहेबांपासून उचलली, असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत राजाच्या विनोदांचें, म्हणजे करमणुकींचें, वर्णन करतांना त्यानें ‘मत्स्यविनोद’ नांवाचें स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणत्या जातीस कोणतें खाद्य घालून वश करावें, दोरी व गळ कसा असावा, हें सर्व त्यांत आलें आहे. आजचा हौशी मनुष्य कणकेचा गोळा किंवा गांडूळ गळास लावतो, तेव्हां तो नऊशें वर्षांपूर्वींच्या राजाचाच पाठ गिरवीत असतो.

राजाच्या ग्रंथाइतकीच मोठी विद्या आपल्या भोयांच्या व कोळ्यांच्या जिभेवर होती. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या सैन्यांतील अधिकारी. दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा करून त्यानें लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक सभेपुढें त्यांचें वर्णन ठेविलें. नव्या जातींस शास्त्रीय नांवें देतांना त्यानें येथील लोकांच्या तोंडचींच नांवें घेतलीं. म्हणून मिशाळ शिंगाळा जगाच्या शास्त्रांत ‘सीनघाला’ झाला आणि घोगऱ्या ‘गोग्रा’ झाला. कोळस ‘कोलस’ह्या रूपानें, तर खडशी ‘खुद्री’ ह्या रूपानें तेथें नांदत आहे. कोणत्याही देशांतील मत्स्यशास्त्रज्ञ आज हीं नांवें उच्चारतो, तेव्हां नकळत मराठीच बोलतो. शहरांतल्या मुलांना ह्या माशांचीं नांवें शिकविणें, हें सहलीचें पहिलें फळ समजावें. ज्याचें नांव ठाऊक नाहीं, त्याची काळजी कोणी घेत नाहीं.

आतां माशाच्या वर्षाकडे वळूं. चैत्र-वैशाखांत मराठवाड्यांतील ओढे आटतात, नदीची धार बारीक होते आणि दोन-दोन, तीन-तीन कोसांतले मासे एखाद्या खोल डोहांत एकवटतात. मुलांच्या शाळांना सुटी असते, पाणी उथळ असतें, मासा दाटीवाटीनें असतो. एका दुपारीं टोपली भरते. पण हे मासे कोण? उन्हाळ्यांतून तगून पावसाळ्यांत पुढची पिढी निर्माण करणारे हेच. शेतकरी कितीही उपाशी असला तरी पेरणीसाठीं राखलेल्या बियाण्यास हात लावीत नाहीं. वैशाखांतला डोह म्हणजे नदीचें बियाण्याचें कणगें होय.

मृगाचे ढग वर्षले कीं दुसरी घडामोड होते. पहिल्या पुराचें गढूळ पाणी ओढ्यांतून नदीस मिळूं लागतांच मासा प्रवाहाविरुद्ध चढूं लागतो. कोंकणांत ह्यांस ‘चढणीचे मासे’ किंवा ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. भातखाचरांत घोटाभर पाण्यांत वळवळणारे हे मासे धरण्यासाठीं तेथें रात्रीं घरेंच्या घरें कंदील घेऊन बाहेर पडतात. ही चढण कशासाठीं असते? रोहू, कटला, मृगळ ह्यांसारखे मासे साठलेल्या स्थिर पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. त्यांना वाहतें, चढतें, नवें पाणी लागतें. पुरानें भिजलेल्या उथळ कांठावर मादी अंडीं सोडते, नर तीं फळवितो आणि उबदार पाण्यांत एका दिवसाच्या आंत पिलें बाहेर येतात. किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटांत अदमासें दोन लाख अंडीं असतात. दोन लाखांतून मोठीं होणारीं पिलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच, कारण बाकीचीं इतरांचें अन्न होतात. पण मादीच चढणीवर धरली गेली तर तेवढ्याही आशेस जागा उरत नाहीं.

तिसरें उदाहरण मरळाचें. मरळ पुरासाठीं थांबत नाहीं. पाणवनस्पतींत जागा साफ करून तो अंडीं घालतो, आणि पिलें झाल्यावर आईबाप त्यांची राखण करतात. पावसाळ्यांत तळ्याच्या कडेला पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस, बारीक पिलांचा थवा एकत्र फिरतांना दिसतो. त्याच्या खालीं त्यांचा रखवालदार असतोच. पिलांजवळ जें कांहीं येईल त्यावर तो झडप घालतो, मग तो बेडूक असो वा गळ असो. म्हणून अशा वेळीं मरळ धरणें हें पोरकट सोपें काम आहे. मात्र आईबाप गेल्यावर तो सारा थवा थोड्याच वेळांत इतर माशांच्या व पक्ष्यांच्या पोटांत जातो. टोपलींत एक मासा येतो आणि पाण्यांतून एक कुटुंब उठतें.

ह्या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. मासा ज्या दिवसांत सर्वांत सहज सांपडतो, नेमक्या त्याच दिवसांत त्यास धरूं नये. तो आपल्या चुकीनें सांपडत नसतो. उन्हाळ्यांत पाण्यानें त्यास कोंडलेलें असतें. मृगांत संततीची ओढ त्यास उथळावर आणते. पिलें झाल्यावर त्यांची माया त्यास गळावर घालते. ह्या वेळच्या शिकारींत कौशल्य नाहीं आणि दूरदृष्टीही नाहीं.

पूर्वींच्या लोकांना हें कळत होतें काय? अशोकानें राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनीं कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मासाच्या पौर्णिमांस व इतर कांहीं ठराविक दिवशीं मासा मारूं नये व विकूंही नये, अशी आज्ञा केली आहे. आपल्या कोळ्यांनीं तर कोणाच्या आज्ञेवांचून पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढल्या आणि नारळीपौर्णिमेस समुद्राची पूजा करूनच त्या पुन्हां लोटल्या. अलीकडे १ जून ते ३१ जुलै ह्या काळांत महाराष्ट्राच्या समुद्रांत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. नद्यांनाही कोठें कोठें असें अभय मिळालें आहे. महाड तालुक्यांत वाळणकोंड येथें काळ नदीच्या डोहांतील आणि वाडा तालुक्यांत तिळसे येथें वैतरणेच्या पात्रांतील मोठे मासे देवाचे मानून त्यांस कोणी धरीत नाहीं. भाविकाच्या दृष्टीनें ती श्रद्धा आहे. नदीच्या दृष्टीनें मात्र तेथें बियाण्याचें कणगें शाबूत राहिलें आहे.

गोदाकांठच्या सहलीस मात्र नारळीपौर्णिमा नाहीं. श्रावणांत अनेक घरांतून मत्स्याहार वर्ज्य असतो, हें खरें. पण तो संयम थोडा उशिरा येतो. श्रावण लागणार म्हणून आषाढाच्या अखेरीस माशावर ताव मारण्याची जी चाल आहे, ती नेमकी चढणीच्या दिवसांत पडते.

कोणी म्हणेल, आतां धरणें आहेत आणि त्यांत सरकार व सहकारी संस्था बीज सोडतात, तेव्हां चिंता कसली? बीज सोडतात हें खरें, आणि तें सोडावें लागतें ह्यांतच उत्तर आहे. पैठणचा बांध ओलांडून वर जाण्यास माशाला वाट नाहीं, आणि धरणाखालीं नदीचें पाणी ऋतूपेक्षां दरवाज्यांच्या उघडझांपेवर अवलंबून असतें. पूर्वीं रोहू-कटल्याचें बीज पुरांतूनच गोळा करावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत हिरालाल चौधरी व अळीकुन्ही ह्या शास्त्रज्ञांनीं माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोंचून बंद पाण्यांतही ह्या जातींकडून अंडीं घालविलीं, तेव्हांपासून तळ्यांत बीज तयार करणें शक्य झालें. ह्या शोधाचे उपकार मोठे आहेत. परंतु कारखान्यांतून येतें तें ठराविक चार-दोन जातींचें बीज. घोगऱ्या, शिंगाळा, कोळस ह्यांचें बीज सहसा कोणी सोडीत नाहीं. ते आपल्या बळावर वाढले तरच पुढें दिसतील.

मग सहल काढावी केव्हां? माझें उत्तर असें: कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. पाऊस संपून पाणी निवळलेलें असतें, पिलें स्वतंत्र झालेलीं असतात, मासा खाऊन धष्टपुष्ट झालेला असतो. पौष-माघाच्या कडक थंडींत मासा आळसावतो, तेव्हां ऊन चढल्यावर गळ टाकावा. टोपली उन्हाळ्यासारखी भरणार नाहीं. परंतु वाट पाहणें, पाण्याचा अंदाज घेणें, आमिष बदलून पाहणें, हाच तर ह्या करमणुकीचा अर्क आहे. दिवाळीची व नाताळची सुटीही ह्याच दिवसांत येते.

निघण्यापूर्वीं आणखी थोड्या गोष्टी लक्षांत ठेवाव्या. जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आपली हौस ही त्यांच्या पोटाची भाकरी आहे, म्हणून आधीं त्यांची अनुमति घ्यावी. त्यांच्यापैकींच एखाद्या जाणत्यास बरोबर घेतल्यास मुलांना पुस्तकांत न मिळणारें ज्ञान मिळेल. सुरुंगाच्या दारूनें वा विष कालवून मासे मारणें हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि जेथें हे प्रकार चालतात तेथें क्षणभरही थांबूं नये. अवेळीं एखादी पोट फुगलेली मादी किंवा अगदीं लहान मासा गळास लागलाच, तर हात ओले करून तो धरावा, गळ हळूच काढावा आणि मासा पाण्यांत सोडावा. गळ खोल गिळला असेल तर ओढूं नये, दोरी कापावी. उलट, आफ्रिकेंतून आलेला मांगूर सांपडला तर तो पुन्हां नदींत टाकूं नये. हा मोठा खादाड मासा आहे. आपल्या देशांत त्याच्या पैदाशीस २००० सालापासून मनाई आहे.

सर्वांत महत्त्वाची सूचना माणसांच्या जिवाची आहे. कालव्याचा कांठ उताराचा व निसरडा असतो. वाहत्या पाण्यांत घसरलेल्या मुलास पकडण्यास कांहीं मिळत नाहीं. म्हणून मुलांसह कालव्यावर गळ टाकूं नये. धरणाचे दरवाजे उघडले तर वर एक थेंब पाऊस नसतांही खालचें पात्र भरूं लागतें. १९७६ पासून नदीची शिस्त बदललेली आहे, हें पैठणच्या लोकांनीं २००६ च्या पुरांत अनुभविलें. पात्रांतल्या बेटावर वा खडकावर चूल मांडूं नये. निघण्यापूर्वीं पाणी सोडणार आहेत कीं काय, ह्याची गांवांत चौकशी करावी.

वार्षिक सहलींतला आनंद ‘पुन्हां येऊं’ ह्या शब्दांत असतो. बाप मुलास घेऊन जातो, तो मुलगा पुढें आपल्या मुलास घेऊन जाईल, असें गृहीत धरूनच आपण ‘वार्षिक’ हा शब्द वापरतों. त्या वेळीं शहागडच्या पुलाखालीं पाणी असेल, हें बहुतेक खरें. त्यांत घोगऱ्या आणि शिंगाळाही असावेत अशी इच्छा असेल, तर वैशाखांत व आषाढांत गळ खुंटीवर टांगून ठेवावा आणि कार्तिकांत खालीं काढावा. एवढा संयम पाळण्यास कायद्याची वाट पाहण्याची गरज नाहीं.