‘अल्कोहोल’: सुरम्यापासून सुरेपर्यंत

‘अल्कोहोल’ हा शब्द देहभक्षक पिशाचाचे नाव असलेल्या ‘अल्-घूल’ या अरबी शब्दावरून आला, अशी कथा मद्यपानाच्या निषेधार्थ वारंवार सांगितली जाते. सांगणाऱ्यांचा हेतू कितीही सद्भावनेचा असला, तरी शब्दांच्या इतिहासाच्या दप्तरात तिला दाखला नाही, आणि ज्या कार्याला सत्याचे भरपूर पाठबळ आहे त्याने असत्याचा टेकू घ्यावा याचे वाईट वाटते. कोशकार या शब्दाचे मूळ ‘अल्-कुह्ल’ असे देतात. ‘अल्’ हे अरबीतील निश्चयदर्शक उपपद, आणि ‘कुह्ल’ म्हणजे नेत्रांत घालावयाचा सुरमा. (सुरमा म्हणजे काजळ नव्हे, काजळ दिव्याच्या काजळीचे, सुरमा खनिजाचा.) अँटिमनी सल्फाइडासारख्या खनिजाची अतिसूक्ष्म पूड करून तो सिद्ध होत असे.

मग चूर्णाचे नाव द्रवास कसे लाभले? लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या युरोपीय किमयागारांनी हा शब्द उचलला, तो प्रथम कोणत्याही तलम चूर्णाला आणि पुढे, स्थूल भाग वगळून उरलेल्या कोणत्याही शुद्ध सारभागाला लावला. सोळाव्या शतकात किमयागार-वैद्य पॅरासेल्ससने द्राक्षमद्याच्या ऊर्ध्वपातित सारास ‘मद्याचा अल्कोहोल’ म्हटले, आणि अठराव्या शतकात त्यातील ‘मद्याचा’ हे विशेषण गळून पडले. म्हणून ‘शब्द अरबी, तेव्हा अर्थही अरबांनीच दिला’ हा तर्कही टिकत नाही. मद्याच्या ऊर्ध्वपातनाचे वर्णन नवव्या शतकातील अरब विद्वान अल्-किंदीच्या लेखनात सापडते खरे, परंतु त्या द्रवास त्याने हे नाव दिलेले नाही. मध्ययुगीन युरोपही त्यास ‘ज्वलज्जल’ किंवा ‘जीवनजल’ अशा अर्थाच्या लॅटिन नावांनीच ओळखत होता.

आपला ‘मद्यार्क’ हा शब्द पूर्णतः संस्कृत वाटतो, पण त्यातील ‘अर्क’ हा सूर्यवाचक अर्क नसून अरबी ‘अरक’, म्हणजे घाम, होय. ऊर्ध्वपातनाच्या पात्रावर साचून ठिबकणाऱ्या थेंबांवरून तो अर्थ रूढ झाला.

अल्कोहोल म्हणजे केवळ दारू, हा समज मात्र घातक आहे. रसायनशास्त्रात हे एका कुलाचे नाव आहे: संपृक्त कार्बन अणूला हायड्रॉक्सिल गट जोडलेला असला की ते संयुग अल्कोहोल ठरते. ग्लिसरॉल त्याच कुलातले, आणि 1859 साली रसायनज्ञ बर्तेलोने दाखविल्याप्रमाणे कोलेस्टेरॉलही. नावांच्या शेवटचा ‘ऑल’ त्याच नात्याची खूण. मद्यातील इथेनॉल आणि विषारी मिथेनॉल ही तर सख्खी भावंडे, दोन्ही रंगहीन आणि वासालाही बरीचशी सारखी; परंतु दुसऱ्याचे शरीरात फॉर्मिक आम्ल होऊन दृष्टिनाडी निकामी होते, आणि भेसळीच्या दारूने माणसे आंधळी होतात ती बहुधा त्यामुळेच.